कापलेले दोन खांब

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या माथ्यावर काचेच्या पेटीत एक छोटी इमारत आहे. ती इमारत म्हणजे मी. मोठी इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल हे लोकांना कळावं, म्हणून लाकूड आणि पुठ्ठा वापरून तिचा नमुना करतात. मी तसाच एक नमुना. माझ्यासारखं मंगल कार्यालय धारला उभं राहायचं होतं.

माझा जन्म १९९८ साली देवासच्या एका वास्तुविशारदांच्या कचेरीत झाला. माधवकाका तिथे नकाशे काढायचे. त्यांनी दीड महिना खपून मला घडवलं. दाराशी मोठा पोर्च होता आणि त्याला सहा खांब होते. काकांनी ते सागाच्या काड्या तासून केले होते. नमुन्यात जे दिसतं तेच साइटवर असलं पाहिजे, असं ते म्हणत.

कचेरीचे जुने मालक बळवंतराव यांना सगळी कामं ओळखीतून मिळत. त्यांच्यामागे मुलगा अंबरीश कारभार पाहू लागला, तेव्हा दिवस बदलले होते. पीथमपुरात कारखाने वाढत होते, इंदूरचे मोठे लोक कामं घेऊन जात होते. आपलं नावच कोणाला ठाऊक नसेल तर काम कोण देणार, हे अंबरीशने ओळखलं आणि जनसंपर्कासाठी लतिकाला नेमलं. ती देवासच्या एका हिंदी पेपरात बातम्या लिहीत असे.

लतिका मला घेऊन पुष्कळ हिंडली. प्रदर्शनांत, पीथमपूरच्या उद्योजकांच्या सभेत, कन्नौदच्या बाजारातसुद्धा. लोक वाकून वाकून मला पाहत आणि ती त्यांच्या सगळ्या शंकांची उत्तरं देई. कन्नौदला कचेरीने बांधलेल्या शाळेच्या भिंतीला ओल आली. कोणी तक्रार करण्याआधीच लतिकाने पेपरवाल्यांना नेऊन ती भिंत दाखवली, आमची चूक झाली, दुरुस्ती सुरू आहे, असं सांगितलं. अंबरीश फार चिडला. पण पुढच्याच महिन्यात तिथल्या व्यापाऱ्यांनी आपलं गोदाम बांधायला याच कचेरीला बोलावलं. हळूहळू कामं वाढली. लतिकाचं टिपण आलं की पेपरवाले न तपासता छापू लागले. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग धारचं काम सुरू झालं. खांब चढू लागले तसं अंबरीशला वाटू लागलं की मधल्या दोन खांबांमुळे दर्शनी भाग अडतो, फोटो भव्य येत नाही. त्याने ते दोन खांब गाळायला लावले. माधवकाका म्हणाले, हिशेब सहा खांबांचा आहे, तुळया बदलल्याशिवाय चालणार नाही. अंबरीशने ऐकलं नाही. उलट एक चिठ्ठी लिहून दिली: साइटवर मधले दोन खांब काढले आहेत, नमुन्यातूनही काढावेत. खाली सही आणि तारीख. काकांनी बारीक करवतीने माझे दोन खांब कापले. त्यांचे खुंट मात्र राहू दिले आणि ती चिठ्ठी माझ्या तळाला चिकटवून ठेवली.

लतिकाने काकांना विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती अंबरीशकडे गेली. इंजिनियरने मंजुरी दिली आहे, असं तो म्हणाला. कागद दाखवा, असं तिने म्हटलं नाही. ‘मधे एकही खांब नसलेला भव्य पोर्च’ अशी बातमी तिने लिहिली, उद्घाटनाची तारीखही जाहीर केली. बातमी सगळीकडे गाजली.

उद्घाटनात मांडायला मला धारला नेऊन साइटच्या ऑफिसात, खिडकीशी ठेवलं होतं. पोर्चचा स्लॅब भरून जेमतेम नऊ दिवस झाले होते. खालचे टेकू काढायचं काम मुकादम मालोजीकडे होतं. त्याचं कुटुंब खानदेशातून येऊन तीन पिढ्या उदयनगरकडे राहिलेलं. त्याची बायको राजाबाई त्याच साइटवर कामाला होती. टेकू काढ, असं अंबरीशने सांगितलं तेव्हा मालोजी म्हणाला, “साहेब, माल अजून कच्चा आहे. दहा-बारा दिवस तरी रुका.”

अंबरीश म्हणाला, “तारीख पेपरात आली आहे.”

सकाळी टेकू निघाले. दुपारी राजाबाई आणि आणखी दोघं पोर्चखालची फरशी धूत होती. मी खिडकीतून पाहत होतो. आधी थोडी माती गळली. राजाबाईने मान वर केली आणि सगळा स्लॅब खाली आला. तिघंही गेली.

त्याच संध्याकाळी अंबरीश लतिकाला म्हणाला, “लिहा, मुकादमाने न विचारता टेकू काढले.”

“पण तुम्हीच काढायला सांगितलेत ना?” तिने विचारलं.

तो म्हणाला, चाळीस घरांची चूल या कचेरीवर पेटते, तुमचीही. शेवटी लतिकाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते शब्दन् शब्द छापून आलं. बायकोला अग्नी देऊन परतलेल्या मालोजीला पोलिसांनी दारातूनच नेलं.

मला देवासला परत आणलं. मधले दोन खांब मूळ नकाशात नव्हतेच, असं अंबरीश चौकशीत सांगू लागला आणि कपाटातले मूळ नकाशे नाहीसे झाले. बारा दिवसांनी माधवकाकांनी लतिकाला बोलावलं, मला पालथं केलं आणि ती चिठ्ठी दाखवली. नोकरी जाईल म्हणून इतके दिवस गप्प बसलो, असं ते खाली मान घालून म्हणाले.

लतिका म्हणाली, “काका, मी लिहिलं म्हणून पेपरवाल्यांनी खरं मानलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर निदान एकाने तरी चौकशी केली असती.”

दोघांनी मला मॅटाडोरमध्ये घालून धारला नेलं आणि चौकशी अधिकाऱ्यासमोर ठेवलं. आपण जाणूनबुजून खोटं लिहिलं, असा जबाब लतिकाने लिहून दिला.

मालोजी पाच महिन्यांनी सुटला. ज्या पेपरांनी त्याला पहिल्या पानावर दोषी ठरवलं होतं, त्यांनी खुलासा आतल्या पानावर चार ओळींत छापला. कचेरी बंद पडली. माधवकाकांना पुन्हा कोणी काम दिलं नाही. लतिकाचं लिखाण कोणी घेईना. ते बरोबरच आहे, असं ती म्हणे. पुढे ती तुमच्या शाळेत हिंदी शिकवू लागली. अंबरीशला २००६ साली शिक्षा झाली, त्याने अपील केलं आणि जामिनावर सुटून दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने कामं घेऊ लागला.

तोवर मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कोठीत होतो. वाळवीने माझी मागची भिंत खाल्ली. २००७ साली लतिका मला सोडवायला आली, त्या दिवशी मालोजीही आला होता. त्याने मला पूर्वी कधी जवळून पाहिलं नव्हतं. तो माझ्यापुढे उकिडवा बसला. माधवकाकांनी माझ्या अंगणात बोटाच्या पेराएवढी माणसं लावली होती. शालू नेसलेल्या बायका, फेटेवाले, मोटारीतून उतरणारे पाहुणे. मालोजीने ती एकेक करून निरखली.

“यात काम करणारं कोणीच नाही, ताई,” तो म्हणाला.

लतिका त्याच्याशेजारी खाली बसली.

“राजाबाई कुठे होती?” त्याने विचारलं.

तिने दोन खुंटांच्या मधे बोट ठेवलं. मालोजीने तिथून माझ्या छोट्या फाटकापर्यंत नजर नेली आणि परत आणली.

“मी इथे, फाटकाशी होतो,” तो म्हणाला. “हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.”

मग तो उठला आणि पायऱ्या उतरून बसस्टँडच्या दिशेने निघून गेला. लतिका त्याच्यामागे चार पावलं गेली आणि थांबली.

मित्रांनो, पुढे तुमच्यापैकी कोणी इमारती बांधेल, कोणी त्यांच्याबद्दल पेपरात लिहील. दोघांनाही माझं एकच मागणं आहे. कागदावर सही करण्याआधी त्या छताखाली जाऊन उभे राहा.