चंद्रशेखरचे ऐच्छिक विषय

चंद्रशेखरच्या एमबीएचे ऐच्छिक विषय मी निवडले. एकूण एक. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बायका नवऱ्याचे शर्ट निवडतात तसं काहीतरी असेल. तसं नव्हतं. शर्ट निदान तो स्वतः घालायचा.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो. चंद्रशेखर, म्हणजे माझा नवरा, एका विमा कंपनीच्या आयटी विभागात होता. मी नागपूरची, कॉस्ट अकाउंटंट. बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाच वर्षं काम केलं आणि लग्न करून अमेरिकेत आले ती डिपेंडंट व्हिसावर. त्या व्हिसावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. २००३ च्या जूनमध्ये आम्ही दोघांनी जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेशपरीक्षा, दिली. मला आठशेपैकी सातशे दहा मिळाले, त्याला सहाशे चाळीस, तेही दुसऱ्या खेपेला. ठरलं असं, की आधी त्यानं करायचं, कारण त्याची फी कंपनी भरणार होती आणि माझ्याकडे वर्क परमिट नव्हतं. मग माझी पाळी. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणजे माझा २००८ च्या जूनपर्यंत. पाच वर्षं म्हणजे भरपूर झाली, असं तेव्हा दोघांनाही वाटलं.

नोकरी सांभाळून संध्याकाळी करायचा कोर्स होता. सक्तीचे विषय त्यानं रडतखडत काढले. पण त्यातल्या शेवटच्या विषयात त्याचा घरून लिहून द्यायचा पेपर अडला. ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं, तो तिकडे अडकला, आणि फोन करून म्हणाला, "प्रतिमा, जरा बघ ना यार, निदान स्टार्ट करून ठेव." एका किराणा दुकानांच्या साखळीनं दुधाचा भाव किती ठेवावा, असा प्रश्न होता. मी सुरू केलं आणि संपवूनच उठले. कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. त्या पेपरला ए मिळाला. "आपला ए आला!" असं तो फोनवर ओरडला, आणि मीही वेड्यासारखी आनंदले.

त्यानंतर ऐच्छिक विषय सुरू झाले आणि ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्याकडे विषय लिलावासारखे मिळायचे. प्रत्येकाला ठरावीक पॉइंट, हव्या त्या विषयावर लावायचे, जास्त लावेल त्याला जागा. चंद्रशेखरला त्याचा कंटाळा. त्यानं पासवर्ड मला देऊन टाकला. मी प्रत्येक प्राध्यापकाचा अभ्यासक्रम छापून घ्यायची, जेवणाच्या टेबलावर पसरायची, पेन्सिलीनं खुणा करायची. मला जे शिकायचं होतं तेच मी निवडलं. किंमत ठरवणं, कारखान्याचं व्यवस्थापन, खर्चाचं नियंत्रण, ब्रँड. घरी लिहायचे पेपर जास्त आणि वर्गातली परीक्षा कमी, असेच विषय घेतले. पुस्तकं मी वाचली, पेपर मी लिहिले. तो वर्गात जाऊन बसायचा आणि टिपणं आणून द्यायचा. प्राध्यापक पेपरांच्या कडेला लाल शाईनं लिहायचे, "फार काटेकोर", "हा मुद्दा आजवर कोणी मांडला नव्हता". चंद्रशेखर फक्त वरची श्रेणी बघायचा. कडेचं मी वाचायची, दोनदोनदा.

हे गैर होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी स्वतःची समजूत घातली होती, की ही माझी पूर्वतयारी चाललीय.

२००७ च्या जुलैत ग्रीनकार्डासाठी अर्ज करायच्या तारखा अचानक सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. अर्धं शॉमबर्ग फोटो आणि मेडिकलसाठी धावत सुटलं, त्यात आम्हीही होतो. नोव्हेंबरमध्ये त्या अर्जावर माझं वर्क परमिट पोस्टानं आलं. शनिवार होता. मी पोहे केले, ते कार्ड चंद्रशेखरच्या बशीशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "मी जानेवारीत अ‍ॅप्लाय करते. स्कोअर जूनमध्ये एक्स्पायर होतो."

"कशाला अ‍ॅप्लाय करतेस?"

"एमबीएला. आता माझी पाळी ना?"

त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं. मग हसून म्हणाला, "अगं, पण तुला सगळं येतंच की! सगळे कोर्सेस तूच तर केलेस. परत तेच शिकायला एवढी फी भरायची? काही सेन्स आहे का त्यात? डायरेक्ट जॉब शोध."

"आणि डिग्री कुठली दाखवू? तुझी?"

"चिडतेस काय? कॉम्प्लिमेंट देतोय मी तुला."

खरंच देत होता. तेच मला जास्त लागलं. चिडून किंवा लबाडीनं म्हणाला असता, तर भांडता तरी आलं असतं. मग उठता उठता तो म्हणाला, "आणि हो, लास्ट टर्मचं बिडिंग सोमवारी दुपारी क्लोज होतंय. दोन इलेक्टिव्ह राहिलेत. टाकून दे नेहमीसारखं."

मी रविवारी अभ्यासक्रम पसरून बसले. या खेपेला उलट बाजूनं वाचले. ज्या विषयांत एकही पेपर नाही असे दोनच निघाले, वाटाघाटी आणि नेतृत्व. निम्म्याहून जास्त गुण वर्गात बोलण्याला, बाकीचे सगळ्यांसमोर उभं राहून वठवायच्या प्रसंगांना. प्राध्यापक कोणालाही, कधीही उभं करणार. लॅपटॉप बंद. मी उरलेले सगळे पॉइंट त्या दोन विषयांवर लावले. मला तो उघडा पडलेला बघायचा होता. त्यानं तोंडावर आपटावं, घरी यावं आणि म्हणावं, प्रतिमा, तुझ्याशिवाय मला हे जमत नाही, शिकायला तू जायला हवं होतंस. इतकंच मला हवं होतं. श्रेणी घसरली तर कंपनी फी देणार नाही, डिग्रीही लांबेल, हे मला माहीत होतं. लांबू दे म्हटलं.

विषय मिळाल्यावर त्याचा चेहरा पडला. "यात पेपर्स नाहीत?"

"नाहीत."

"मग तू काय करणार?"

"स्वयंपाक," मी म्हटलं.

जानेवारीत वर्ग सुरू झाले. मी माझा अर्ज भरायला बसले आणि शिफारसपत्रांच्या पानावर येऊन थांबले. तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोन माणसांची नावं द्या. बुटीबोरीचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. माझ्या साहेबांचा पत्ता कोणाकडेच नव्हता. अलीकडचं माझं काम पाहिलेली माणसं त्याच विद्यापीठात होती, चांगली चारपाच, आणि ते काम चंद्रशेखरचं आहे अशी त्यांची खात्री होती. ते पान मी रोज उघडायची आणि बंद करायची. मुदत अशीच निघून गेली. चंद्रशेखरनं एकदाही विचारलं नाही.

मी मंगळवारची वाट बघायची. मंगळवारी त्याचा वाटाघाटींचा वर्ग असायचा. पहिल्या मंगळवारी तो बर्फातून घरी आला तो गप्प. नाव पुकारून उभं केलं होतं म्हणे. "मग काय बोललास?" मी विचारलं. "काहीतरी बोललो," तो म्हणाला. मला त्या रात्री छान झोप लागली.

तिसऱ्या मंगळवारी तो शीळ घालत आला. पेट्रोलपंप विकायचा प्रसंग होता, त्यात हा विकणारा. माहितीचा कागद त्यानं वाचलाच नव्हता. "मी नुसता पॉझ घेत होतो," तो म्हणाला. "समोरचा नर्व्हस झाला आणि त्यानंच प्राइस वाढवली. प्रोफेसर म्हणाला, ग्रेट प्रेझेन्स!" मग हे दर आठवड्याचंच झालं. न वाचता वेळ मारून नेण्यात चंद्रशेखर पटाईत आहे, हे मला माहीत होतं. त्याला गुण देतात, हे माहीत नव्हतं.

दोन्ही विषयांत त्याला ए मिळाला. नेतृत्वाच्या प्राध्यापकानं वर ईमेल पाठवली, की तुम्ही बोलायला लागलात की वर्ग ऐकत राहायचा. चंद्रशेखरनं ती छापून फ्रिजवर लावली. दूध काढताना ती मला रोज दिसायची.

जूनमध्ये डिग्री मिळाली, आणि त्याच आठवड्यात माझा स्कोअर संपला. शनिवारी आम्ही घरी पार्टी केली. चंद्रशेखरच्या ऑफिसातला अनय आणि त्याची बायको आश्लेषा आले होते, दोघं पुण्याची, तिशीच्या आतली. अनय त्याच कोर्सला जाणार होता. श्रीखंडाची वाटी हातात धरून तो विचारत होता, "सर, इलेक्टिव्ह कोणते घेऊ?"

"पेपर्सवाले घेऊच नकोस," चंद्रशेखर म्हणाला. "पेपर काय, कोणीही लिहितो. मी सगळे तसलेच घेत बसलो आणि फुकट गेले. खरं शिकलो ते लास्ट टर्मला. ते दोन कोर्स मी आधी का नाही घेतले, असं वाटतं."

माझ्या हातात पुऱ्यांचं ताट होतं. ते मी टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ते पेपर मी लिहिलेत. सगळे. विषयही मीच निवडले, ते शेवटचे दोनसुद्धा."

अनय वाटीत बघायला लागला. मला वाटलं, आता याला उत्तर द्यावंच लागेल.

चंद्रशेखर हसला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरंय," तो सगळ्यांना म्हणाला. "हिची खूप हेल्प झाली. टायपिंग सगळं हिनंच करून दिलं. मला वेळच नसायचा."

"वहिनी, किती करता हो तुम्ही सरांसाठी!" आश्लेषा म्हणाली, आणि सगळे सुटल्यासारखे हसले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सारवासारव करताना त्याच्या कपाळावर आठी येते, ती मी पुरती ओळखते. ती कुठेच नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं.