सिंधूताईंच्या अंगावरचा दिवस

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात बायकांची सावड असते. आज सगळ्या मिळून एकीच्या वावरात निंदण करतात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस. याचा अभ्यास करायला पुण्याहून अनुपमा आली आणि माझ्याकडे भाड्याने राहिली. मी निवृत्त ग्रंथपाल, म्हणजे मला या विषयातले कळत असेल, असा तिचा समज होता. तो दूर करण्याचे धैर्य मला झाले नाही.

अनुभव हवा म्हणून ती एक दिवस सिंधूताईंच्या सोयाबीनमध्ये निंदायला गेली. गवताबरोबर थोडे सोयाबीनही उपटले गेले, पण दिवस भरला.

तिच्या निघण्याची बातमी कळताच सिंधूताई दारात आल्या.

"भाऊ, तुमची पाव्हणी चालली म्हणे. माह्या अंगावर दिवस ठेवून?"

"तिला वावर नाही, सिंधूताई."

"ते मले काऊन सांगता? सावडीतली मनकर्णा गावभर सांगून राह्यली, सिंधू दिवस फेडत नाही. पुढच्या निंदणाले मले सावडीत कोण घेईन?"

"राहू द्या हो, ताई," अनुपमा म्हणाली.

"काऊन? तू का मजूर व्हती?" सिंधूताई माझ्याकडे वळल्या. "हिचं काम काय असते?"

"लोकांना प्रश्न विचारायचे. लिहून घ्यायचं."

"बसून?"

"बहुतेक बसूनच."

"अन् याले दिवस धरतात?"

"पुण्यात धरतात," मी म्हणालो. खात्री नव्हती.

अनुपमाच्या कामाचा एक दिवस भरून द्यायला सिंधूताई लगेच निघाल्या. पहिले घर मनकर्णाबाईंचे.

"घरात माणसं किती?"

"तुले माहीत नाही काय वं?"

"माहीत आहे. तरी सांग."

"हिनं मांगच्या आठवड्यात इचारलं न!"

"ते तिचं काम. हे माहं."

पुढच्या घरांतली बरीच उत्तरे सिंधूताईंनी स्वतःच दिली. घरच्यांनी मान हलवली. अनुपमाने ती वेगळी लिहिली.

संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर सिंधूताईंना हळदी-कुंकू लावून नवी साडी दिली. कुंकू लावून दिलेली साडी परत करता येत नाही. सिंधूताईंनी ती घेतली आणि तिथेच खाली बसल्या.

"रोजी भेटली वं सिंधू," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काय झालं?" अनुपमाने मला विचारले.

"मोबदला घेतला की ती मजुरी होते. दिवस फिटत नाही. निदान मला तसं वाटतं."

"उद्या पुन्हा येतो," सिंधूताई म्हणाल्या. अनुपमाने जाणे एक दिवस पुढे ढकलले.

सकाळी त्या आल्या तेव्हा सगळी घरे विचारून झाली होती. उरलो मी. दिवस पुरा भरतो की नाही हे पाहायला मनकर्णाबाईही ओट्यावर येऊन बसल्या.

"भाऊ, तुम्ही दिवसभर काय काम करता?"

"वाचतो."

"कोणासाठी?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"सांगा निवांत," सिंधूताई म्हणाल्या. "दिवस बुडेपर्यंत आहो मी."

मी जमेल तसे सांगत राहिलो. दिवे लागले तेव्हा मनकर्णाबाई उठल्या. "फिटला," म्हणाल्या, आणि सिंधूताईंनी पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली.

दिवसभरात मी कोणालाही चहा विचारला नाही. तो मजुरीत धरतात की नाही, हे मला नक्की माहीत नव्हते.