तीन नंबरची क्लॅरिनेट

त्या एका शनिवारात गेबहार्ड प्रेस्टेलेला सातशे चाळीस युरो सुटणार होते. वर पेट्रोल, दुपारचं जेवण आणि जेवणानंतरची कॉफी विल्ट्रूडच्या खर्चाने. काम काय, तर खुर्चीत पाठ करून बसायचं आणि कान द्यायचे. गावाच्या बँडचा मास्तर म्हणून महिनाभर घसा ताणून त्याला याच्या निम्मेसुद्धा मिळत नव्हते.

विल्ट्रूड श्योलहॉर्न काय मिळवणार होती? तर स्वतःची जागा. एकतीस वर्षं ती बँडमध्ये पहिल्या रांगेत क्लॅरिनेट वाजवत होती आणि एकतीस वर्षं ती क्लॅरिनेट बँडच्या मंडळाची होती. पितळी बिल्ल्यावर ‘नग १४’ असं कोरलेलं. चाव्यांखालच्या गाद्या झिजल्या की नव्या तिने स्वतःच्या पैशाने बसवल्या, लाकडाला तेल तिने पाजलं. आणि वसंतात मंडळाने ठराव केला की मंडळाची वाद्यं शिकाऊ पोरांना द्यावीत, मोठ्यांनी आपापली घ्यावीत. शरदातल्या जलशापर्यंत वाद्य नसेल त्याने प्रेक्षकांत बसावं.

भाच्याने फोनवर नऊशे युरोची एक चकचकीत क्लॅरिनेट दाखवली. ती फ्रेंच बनावटीची. त्या चाव्यांवर विल्ट्रूडची बोटं परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधल्यासारखी चाचपडली असती. शिवाय दक्षिण जर्मनीतल्या या आल्गॉय भागाच्या कुठल्याही बँडमध्ये फ्रेंच क्लॅरिनेट घेऊन बसलेला माणूस म्हणजे लग्नात घरातली चप्पल घालून आलेला पाहुणा. जर्मन पद्धतीचीच हवी, आणि ती घडवणारे हात मोजके म्हणून किंमत निदान चौपट. बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून विल्ट्रूडने चार हजार आठशे युरो साठवले होते.

“एकटी जाऊ नकोस,” गेबहार्ड तालमीनंतर म्हणाला होता. “वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. मी पाठ करून बसतो, तू वाजव. कानाला लबाडी जमत नाही.”

हे शेवटचं वाक्य विल्ट्रूडने आधी तीनदा ऐकलं होतं, काउंटरवर. तीन आया, तिघींची मुलं बँडमध्ये, तिघींनी चार वर्षांत त्याच शहरातल्या त्याच दुकानातून क्लॅरिनेट घेतली. वेणीसारखा गुंफलेला पाव पिशवीत घालता घालता तिघींनी कौतुकाने सांगितलं होतं की मास्तर पाठमोरे बसले आणि त्यांनी अचूक निवडली. कितवी? तीन नंबरची. दुसरीलाही तीन नंबरचीच. तिसरीलाही. विल्ट्रूड पावाचे तुकडे मोजून विकणारी बाई. तिने हेही मोजून ठेवलं.

त्याच दुकानाचा मालक ओटमार किन्ले हसतमुख माणूस होता. हिरव्या कापडावर त्याने तीन क्लॅरिनेट मांडल्या होत्या. एक नंबर तीन हजार नऊशे, दोन नंबर चार हजार सहाशे, तीन नंबर सात हजार चारशे.

“माझ्याकडे एवढे नाहीत,” विल्ट्रूड म्हणाली.

“किंमत बघूच नका बाई. आधी सूर ऐका. हप्ते करून देतो,” किन्ले म्हणाला.

“पैशाचं नंतर,” गेबहार्ड म्हणाला. खिडकीकडे तोंड करून तो खुर्चीत बसला आणि मागे हात बांधून देवळातल्यासारखा गप्प झाला.

विल्ट्रूडने तोंडात धरायचा तुकडा स्वतःचाच घेतला होता. त्यावर वेताची पत्ती दोरीने घट्ट गुंडाळली, तुकडा पहिलीवर चढवला.

“नंबर एक,” किन्लेने पुकारलं. तिने एक संथ लँडलर, गावच्या जुन्या नाचाची धून, वाजवला. पहिलीचा मधला सूर, जो जुनीवर नेहमी घोगरा निघायचा, तो स्वच्छ निघाला. अंगठ्याखालचा आधारही नेमक्या जागी होता. विल्ट्रूडचं मन तिथेच बसलं.

“ठीक,” गेबहार्ड खिडकीला म्हणाला. “पातळ आहे थोडी.”

“नंबर दोन.” तोच लँडलर.

“बरी. पण धाप लागते हिला.”

“नंबर तीन,” किन्लेने पुकारलं आणि सात हजार चारशेची क्लॅरिनेट दोन्ही हातांनी पुढे धरली. विल्ट्रूडने नाही म्हणून मान हलवली. पायाशी उघडी ठेवलेली स्वतःची पेटी होती, तिच्यातून नग १४ उचलली, तिच्यावर तुकडा चढवला आणि तोच लँडलर वाजवायला लागली.

किन्लेचं तोंड उघडलं. विल्ट्रूडने त्याच्याकडे बघितलं, पैसे न देता पाव चाचपणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते तसं. तो बोलणार तरी काय? ‘अहो, ही तीन नंबर नाही’ म्हणावं, तर नंबर कशासाठी पुकारतोस ते सांगावं लागणार. त्याने तोंड मिटलं.

लँडलर संपला. गेबहार्डने मोठा श्वास सोडला.

“हीच,” तो म्हणाला. “ऐकलंस ना? खालचे सूर म्हणजे रानातला मध. विल्ट्रूड, तुझ्या त्या जुन्या काठीतून हे जन्मात निघालं नसतं.” आणि तो वळला.

पितळी बिल्ला खिडकीच्या उजेडात चांगला दिसत होता.

“लहान खोलीत,” गेबहार्ड म्हणाला, “फरक तेवढा कळत नाही.”

“नऊ वर्षं मोठ्या सभागृहात कळत होता ना?” विल्ट्रूड म्हणाली. “नऊ वर्षं सगळ्यांदेखत सांगतोस, विल्ट्रूड, तुझा सूर दबका, तुझं वाद्य मेलेलं. घरी जाऊन मी रडलेय त्यावर. आता मध कुठून आला, मास्तर?”

आजवर तिने त्याला मास्तर म्हटलं नव्हतं. बँडमध्ये सगळे अरे-तुरे.

“तुझ्या भल्यासाठीच आलोय मी. सुट्टी मोडून.”

“किन्लेसाहेब, यांच्या सुट्टीचा दर काय?”

किन्लेने कापडावरची सुरकुती सारखी केली. “दहा टक्के,” तो म्हणाला. “सगळीच दुकानं देतात, बाई. रीत आहे.”

“किमतीवर?”

“किमतीवरच.”

“म्हणजे जेवढी महाग, तेवढा मास्तरांचा कान तीक्ष्ण.” तिने पहिली क्लॅरिनेट उचलली. “ही मी घेते. दहा टक्के वजा करून. ऐकायचं काम मी केलंय, रीत मला लागू करा.”

किन्लेने दहा टक्के वजा केले. तीन हजार पाचशे दहा. परतीचा रस्ता साठ किलोमीटरचा होता आणि गेबहार्डने फक्त एकदा तोंड उघडलं, “बँडमध्ये हे पसरवू नकोस,” एवढ्यासाठी.

विल्ट्रूडने पसरवलं नाही. मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, जलसा तोंडावर असताना असली भांडणं शोभत नाहीत. ठराव झाला की यापुढे मास्तरांनी कुणाच्या खरेदीला जाऊ नये. दिलेले पैसे परत करावेत असं कुणी सुचवलं नाही. त्या तीन आयांपैकी दोघी तर विल्ट्रूडवरच चिडल्या. आपण फसलो हे चारचौघांत कळलं, हे त्यांना फसण्यापेक्षा जड गेलं. पुढच्याच तालमीत गेबहार्डने तिला पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत बसवलं. कारण सांगितलं, समतोल. ती बसली, आणि मधला सूर असा स्वच्छ काढला की पहिली रांग मागे वळून बघू लागली.

आता कोणी काय भरलं ते बघा. तीन घरांनी मिळून एकोणीस हजार दोनशे भरले, त्यातले एकोणीसशे वीस मास्तरांच्या कानासाठी. किन्लेने त्या घरांना क्लॅरिनेटच्या वेताच्या पत्त्यांची एकेक डबी पाठवली, सप्रेम भेट. विल्ट्रूडने तीन हजार पाचशे दहा भरले, वर एकतीस वर्षांची खुर्ची. आणि गेबहार्डने? त्या शनिवारच्या त्याच्या कॉफीचे तीन युरो ऐंशीसुद्धा विल्ट्रूडच्याच पाकिटातून गेले होते.