आपल्याला काय!

लिफ्ट मेकॅनिकने टिश्यूचा डबा कोपराने टेबलाच्या पार टोकाला सारला. दर आठवड्याला इथे यायचं, या मऊ खुर्चीत रुतून बसायचं आणि समुपदेशक बाई नुसते प्रश्न विचारणार. मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टला त्याने असे प्रश्न विचारत बसायचं ठरवलं असतं, तर आतली माणसं अजून तिथेच लटकली असती. बिघाड दिसला की काढायचा, एवढं साधं काम. पण इथे कुणी पान्याला हातच लावत नव्हतं.

बिघाड काय तो त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. मुलीला दूरच्या गावी नोकरी लागली. जाऊ का, म्हणून तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आपल्याला काय, जायचं तर जा." ती गेली. तेव्हापासून फोन करते तो आईला, आणि बापाची खुशालीही आईलाच विचारते. इकडे त्याची अन्नावरची वासना उडाली, कामावर तो ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जायला लागला, तेव्हा बायकोने हट्टाने त्याला इथे धाडलं.

"ती गेली तेव्हा कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"वाईट वाटतंच ना माणसाला."

"कुठल्या माणसाला?"

"आपल्याला हो."

"आपल्याला म्हणजे? मी तर तिला ओळखतही नाही."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्याकरण शिकायचं असतं तर शाळेतच नीट बसलो असतो, असं सुनावून तो वेळ संपायच्या आत उठला. दार आपटायचं मनात होतं, पण ते आपोआप हळूहळू मिटणाऱ्यातलं निघालं. तेवढंही समाधान त्याच्या नशिबी नव्हतं.

जिना उतरता उतरता त्याला कळून चुकलं की हा राग काही बाईंवरचा नाही. त्यामुळे तो जास्तच चिडला. रस्त्यावर येऊन त्याने तिरीमिरीत मुलीला फोन लावला. कधीमधी लावायचा तेव्हा बोलणं ठरलेलं असे. आई आठवण काढते. आई काळजी करते. आईला फोन कर. आताही तेच जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. शेजारून एक बस धडधडत गेली. मुलगी पलीकडून हॅलो, हॅलो करत होती.

"मला करमत नाही गं," तो म्हणाला. "तू नाहीस, तर मला करमत नाही."

मग तिचा आवाज आला, घाबराघुबरा.

"बाबा, आईला काय झालं?"