लिफ्टचा खड्डा

"थांबलास का रे, सेर्वांदो?" तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून रेमेदियोसने विचारलं.

"थांबलो कुठं? घाम पुसतोय."

"घाम पुसायला एवढं वाकावं लागतं होय?"

रेमे माझी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, नजर मात्र घारीची. आमच्या इमारतीच्या मधोमध चौक आहे, चारी बाजूंनी गॅलऱ्या. तिची खुर्ची नेमकी कठड्याशी. त्या चौकात मी खड्डा खोदत होतो, आणि सकाळी साडेआठला माझी पहार एका फरशीवर आपटली. फरशी सरकवली. खाली एक बाई कुशीवर झोपली होती. म्हणजे तिची हाडं. गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली, मनगटापाशी तीन निळे मणी. बाई हे मी मण्यांवरून ठरवलं.

मी तिच्यावर सिमेंटचं रिकामं पोतं टाकलं आणि आजूबाजूला पाहिलं.

कादिझमध्ये खोदलं की पाणी लागत नाही, माणसं लागतात. शहर ते केवढं! समुद्रात घुसलेलं एक बोट. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला वेस. पसरायला जागा नाही, म्हणून जो आला तो आधीच्याच्या डोक्यावर बसला. खाली फिनिशियन, त्यांच्यावर रोमन, त्यांच्यावर अरब, मग अमेरिकेची चांदी उतरवणारे शेठ, आणि सगळ्यांच्या वर आम्ही, कपडे वाळत घालायला. माझा उस्ताद सांगायचा, जमिनीतून जे निघेल ते दुपारच्या जेवणाआधी झाकायचं. एकेचाळीस वर्षं मी गवंडीकाम केलं आणि हा नियम पाळला. एकदा एका बेकरीखाली रंगवलेली भिंत निघाली, लाल मासा, डोळा अगदी जिवंत. मी त्याच्यावर सिमेंट ओतलं. कुठली बेकरी ते विचारू नका, सांगणार नाही.

कारण सरकारी माणसाला एक हाड दिसलं की काम बंद. वर्ष, दोन वर्षं. आणि हा खड्डा साधा नव्हता. लिफ्टचा होता. रेमेच्या दारापासून रस्त्यापर्यंत सहासष्ट पायऱ्या आहेत, आणि चार वर्षांत ती त्यातली एकही उतरली नव्हती. तिच्या खिडक्यासुद्धा चौकातच उघडतात. समुद्र चारशे पावलांवर आणि तिला दिसत नाही. रोज जेवताना म्हणायची, "एकदा कालेता चौपाटीच्या वाळूत पाय बुडवले की मग खुशाल उचला मला." लिफ्टच्या कागदावर सगळ्या घरमालकांच्या सह्या व्हायला नऊ वर्षं गेली. अजून दोन वर्षं तिच्या हातात आहेत का, हे मी कोणाला विचारायला गेलो नव्हतो.

खोदकामावर लक्ष ठेवायला पुरातत्त्व खात्याची नियेवेस नावाची पोरगी रोज दहाला यायची. म्हणजे माझ्याकडे दीड तास होता. मी सिमेंट कालवायला घेतलं.

तेवढ्यात तळमजल्याचं दार किलकिलं झालं. फेर्मीन. गळ-दोऱ्यांचं दुकान चालवतो, सगळ्यात शेवटी सही केली ती ह्यानेच. तळमजल्यावर राहणाऱ्याला लिफ्ट कशाला हवी? कॉफीचा ग्लास घेऊन तो खड्ड्याच्या काठाशी आला.

"काय लागलं रे?"

"दगड."

"दगडाला पांघरूण घातलंस? सर्दी होते काय त्याला?"

"फेर्मीन, तुझं दुकान उघड. मासे वाट बघतायत."

तो हसला आणि आत गेला. दार मात्र पूर्ण लावलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. आतून बोलण्याचा आवाज आला. रेडिओ असेल, नसेलही. सकाळपासून लेवांतेचा वारा सुटला होता, दारं आपटत होती, काही धड ऐकू येत नव्हतं. तो वारा सुटला की आमच्याकडे चांगल्या माणसाचंही डोकं फिरतं, असं म्हणतात. माझं तर आधीपासूनच फिरलेलं. मी फावडं जोरात चालवायला लागलो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी नियेवेस दारात उभी.

"आज लवकर?" मी म्हटलं.

"रस्ता मोकळा होता."

राहते दोन गल्ल्या पलीकडे, चालत येते, आणि रस्ता मोकळा म्हणे! ती खड्ड्यात न बघता आधी सिमेंटच्या ढिगाकडे बघत होती.

"मिस्त्री, अजून खोदून झालं नाही, मग हे कशाला कालवलंत?"

"कडा ढासळतायत."

"बरं. ते पोतं जरा उचलता?"

एवढे खड्डे, एवढी वर्षं, आणि हिला पहिल्या फटक्यात पोतंच दिसलं? मी फावडं घेऊन तसाच फेर्मीनच्या दाराकडे वळलो.

"बाहेर ये, चहाडखोरा! सही करतोस आणि मागून सुरा खुपसतोस? म्हातारीनं काय घोडं मारलंय तुझं?"

फेर्मीन बाहेर आला. चेहरा पांढरा पडलेला. "मी? अरे देवाशपथ, मी..."

"तू नाहीस तर कोण, वारा? भिंतीला कान आहेत ते ठाऊक होतं, तोंडही फुटलं काय तिला?"

"त्याला कशाला शिव्या देतोस?" वरून आवाज आला. "फोन मी केला."

मी मान वर केली. रेमे कठडा धरून उभी होती. ती उभी राहत नाही सहसा.

"तू?"

"ह्या पोरीनं पहिल्याच दिवशी सगळ्या दारांत नंबर वाटला होता. माझ्याकडेही आहे."

"रेमे, वेड लागलंय का तुला? तुझ्यासाठी मरमर मरतोय मी इथं! काम बंद होईल आता. कळतंय का, बंद!"

"कळतंय. ओरडू नकोस." तिला धाप लागली होती. "तुला ती जवळून दिसली. मला वरून दिसली, अख्खी. गालाखाली हात घेऊन झोपल्येय. मीही अशीच झोपते. तू कालवायला लागलास तेव्हा माझ्या नाकातोंडात गेलं ते सिमेंट. आणि मी रोज तिच्या छाताडावरून वर-खाली करू? मला नाही जमायचं ते."

"मेलीय ती, रेमे! हजारो वर्षांपूर्वी!"

"म्हणून काय झालं? आपल्याच घरात राहत्येय ना?"

मला रडू कोसळलं. रागाने. नियेवेस खड्ड्यात उतरली आणि पोतं तिने स्वतःच उचललं. फेर्मीनने माझ्या हातातून फावडं काढून घेतलं आणि आपला कॉफीचा ग्लास पुढे केला. त्याची उष्टी कॉफी मी प्यालो. माफी मागितली नाही. पुढे कधीतरी मागितली.

दुपारी दारावर काम थांबवल्याचा कागद लागला. रेमेशी मी महिनाभर बोललो नाही. पाव तिच्या दाराशी ठेवायचो, बेल वाजवायचो आणि उतरायचो. नियेवेस आणि तिची दोन माणसं ब्रश घेऊन चौकात बसायची, आणि रेमे वरून त्यांचा मुकादम झाली होती. "अगं डावीकडे, डावीकडे. मणी आहे तिथं." आणि असायचा. दरम्यान पहिल्या मजल्यावरची दोन घरं विकली गेली. नव्या मालकांना सुट्टीत येण्यापुरतं घर हवं होतं, लिफ्ट नको होती. सह्या पुन्हा पहिल्यापासून. मी कागद घेऊन फिरायचो आणि ते दाराच्या फटीतून माझ्याकडे असे बघायचे, जसा मी जन्मभर लोकांकडे बघत आलो.

अकरा महिन्यांनी त्या बाईला पेटीत घालून न्यायचा दिवस आला. पेटीची एक बाजू मी धरली. काहीच वजन नव्हतं. फेर्मीन दुकान बंद करून दारात उभा राहिला, टोपी काढून.

"हळू रे," रेमे वरून म्हणाली. "उंबरा आहे."

बाहेर गाडी उभी होती. मी नियेवेसला म्हटलं, "कालेताच्या बाजूनं घ्या."

"मिस्त्री, म्युझियम तर इथंच..." ती बोलता बोलता थांबली. मग तिने ड्रायव्हरला समुद्राकडे हात दाखवला.

मी सहासष्ट पायऱ्या चढून वर गेलो. रेमे दारातल्या खुर्चीवर बसली होती. अंगात बाहेरचा कोट, ओठांना लाली, पायात तपकिरी बूट. लिफ्टसाठी म्हणून तिने ते गेल्या वर्षी भाचीकडून मागवले होते, मला पत्ता नव्हता.

"समुद्राकडनं नेली?"

"हो."

"वारा आहे?"

"नाही. पडलाय."

"बरं झालं. गेली बाई एकदाची बाहेर." तिने पाय पुढे केला. "सोड जरा. मला वाकवत नाही."

मी खाली बसून नाड्या सोडल्या. बुटांचे तळ कोरे करकरीत होते, दुकानाची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. मी ते पुन्हा खोक्यात ठेवले.