हात वर, दोर खाली

"बाबा, पाऊस थांबवायच्या आधी तुम्ही दर वेळी शालीत मान खुपसून मोबाईल का बघता?"

मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हिंमत असेल तर विचारून दाखव. दाखवलं! भर चौकात, चिंब भिजलेल्या दीडदोनशे माणसांसमोर. छत्रीबाबा गोड हसले. (स्वतः कधी छत्री उचलत नाहीत, डोक्यावर धरायला चार भक्त असतात, म्हणून छत्रीबाबा.)

"बाळ, वेळ बघतो. ढगालाही वेळ द्यावी लागते."

लोक हसले. मलाच! मग बाबांनी हात वर केला. "थांब रे, दमलास!" आणि पाऊस खरंच थांबला. सगळ्यांनी हात जोडले, माझ्या शूर मैत्रिणींनीसुद्धा.

पप्पांनी लगेच शिडी उचलली. ते छपरं दुरुस्त करतात, आणि बेकरीच्या पत्र्यांचं काम तीन दिवस पावसामुळे अडकलं होतं. कमरेला दोर बांधल्याशिवाय त्यांनी आजवर छपरावर पाऊल ठेवलेलं नाही. आज दोर खालीच ठेवला.

"पप्पा, दोर!"

"बाबांचा हात वर आहे ना? चारचौघांत दोर बांधला तर विश्वास नाही असं दिसेल."

मी धावत भूगोलाच्या बाईंकडे गेले. त्या दुकानाच्या आडोशाला उभ्या होत्या. त्यांनी मोबाईलवर रडारचं चित्र दाखवलं. हिरवेपिवळे पट्टे, मध्ये मोकळ्या फटी.

"वादळाचा पाऊस सलग नसतो गं. उबदार दमट हवा थंड हवेवर चढते, पण सगळीकडे सारखी नाही. जिथे जोरात चढते तिथे पावसाचा लांबच लांब पट्टा. मधल्या फटीत हवा खाली उतरते, तिथे उघडीप. असे पट्टे एकामागून एक आपल्यावरून सरकतात. फट आली की बाबांचा हात वर!"

"पुढचा पट्टा कधी?"

"चित्रात वीस मिनिटं दिसतायत. पण चित्र दहा मिनिटं जुनं आहे. आणि मध्येच नवा पट्टाही उभा राहतो."

मी ऊर फुटेस्तोवर पळाले. "पप्पा, उतरा!"

"अगं, हात बघ की!"

हात वरच होता. त्या वर केलेल्या हातावरच सर आली. पत्र्यावरून बूट घसरल्याचा आवाज मी ऐकला, आणि काहीसुद्धा करू शकले नाही.

पप्पांचा पाय मोडला. बाबा म्हणाले, "दोर खाली ठेवला, शंका मात्र वर नेली." लोकांनी माना डोलावल्या. बाईंनी जमलेल्यांना पट्टे दाखवले, तर लाँड्रीवाले म्हणतात, "बघा! बाबांची लीला आता मोबाईलमध्येपण दिसते!" यापुढे काय बोलणार, कपाळ?

संध्याकाळी प्लास्टरमधले पप्पा पुटपुटले, "माझीच श्रद्धा कमी पडली." आई माझ्याकडे बघतही नव्हती. "तूच तो प्रश्न विचारून बाबांना दुखावलंस," एवढंच म्हणाली. उद्या सकाळी काका उरलेलं छप्पर करायला आमचीच शिडी नेणार होते. बाबांचा हात वर गेला की, आणि तेही दोराशिवाय.

मी खूप रडले. मग विचार केला. पाऊस हात बघत नाही, श्रद्धाही मोजत नाही. तुम्हीही आकाशाकडे बघा, विचारा, तपासा, आणि हात कुणाचाही वर असो, कमरेचा दोर सोडू नका.

तोंड धुऊन मी पप्पांच्या खाटेपाशी गेले.

"आई, पप्पा, ऐका. शिडीला मी माझ्या सायकलचं कुलूप लावलंय. काकांच्या कमरेला दोर दिसल्याशिवाय चावी मिळणार नाही. बाबांनी दोन्ही हात वर केले तरी!"