आबा नाही म्हणाले

झुलाल आबांचे पाय सुजले तेव्हा दोंडाईच्यात सगळ्यांनी वयाला दोष दिला. मिरचीच्या बाजारात जन्म उभ्यानं काढलेला माणूस, पाय सुजणारच. पण सूज मांड्यांपर्यंत चढली आणि लघवीला साबणासारखा फेस यायला लागला, तेव्हा सून नूतन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. तिचा नवरा भूषण सुरतेला नोकरीला होता.

किडनीचा तुकडा तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "किडनीतून प्रोटीन गळतंय. या वयात कधी कधी याचं मूळ दुसरीकडे असतं, एखाद्या गाठीत. आबा, शौचातून रक्त जातं का?"

शेजारी नूतन बसली होती. आबा जमिनीकडे बघत "नाही" म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर नूतनला आठवलं. गेले काही महिने आबा पहाटे उठून आपलं धोतर स्वतःच धुवायचे, तिला हात लावू द्यायचे नाहीत. 'सासऱ्यांना माझं धुणं पटत नाही,' असं तिनं शेजारच्या रत्नाअक्कांना हसत हसत सांगितलं होतं.

"आबा, धोतराला रक्त लागायचं का?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मूळव्याध शे असं वाटनं माले," ते म्हणाले. "तुले कसं सांगू, बेटा?"

नूतनला मान वर करवेना. तशीच उठून ती आत गेली आणि आबांना बोलता आलं नव्हतं ते तिनं डॉक्टरांना सांगितलं.

दुर्बिणीनं तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या शेवटी कॅन्सरची गाठ होती, पण पसरलेली नव्हती. ऑपरेशन करून ती काढली. शौचाची वाट काही महिन्यांपुरती पोटावर काढून तिथं पिशवी लावली. गाठ गेल्यामुळे किडनीही सावरेल, असं डॉक्टरांना वाटत होतं; पायांची सूज हळूहळू उतरू लागलीही.

पिशवी बदलायची वेळ आली तेव्हा आबांनी भिंतीकडे तोंड केलं. "भूषणले येऊ दे."

"ते परवा येतील. तोवर थांबता येणार नाही."

नर्सनं दाखवलं तसं नूतन सावकाश करत गेली. "आबा, इकडं बघा. घरी गेल्यावर तुम्हालाच करायचंय."

आबांनी मान वळवली. कानापर्यंत लाल झाले होते, तरी शेवटपर्यंत बघत राहिले.

"हात धुई ले," ती उठल्यावर म्हणाले, "नि जेवी ले."